हाडापासून कर्करोगापर्यंत आणि पुन्हा हाडाकडे: चार्ल्स हगिन्स यांचे संशोधन समजून घेताना

१८ मे २०२५ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा आक्रमक कर्करोग झाल्याचे त्यांच्या कार्यालयाने जाहीर केले. त्या निवेदनात दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या होत्या. एक म्हणजे हा कर्करोग हाडांपर्यंत पसरला आहे, आणि दुसरी म्हणजे तो संप्रेरकांना संवेदनशील दिसत असल्यामुळे त्याचे व्यवस्थापन परिणामकारकपणे करता येईल. बातमी वाचणाऱ्या अनेकांना हे कोडे वाटले. कर्करोग हाडात गेला म्हणजे सारे संपले, असाच आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मग तो आटोक्यात राहणार कसा? प्रोस्टेटच्या रोगाने हाडच का धरावे? आणि शरीरातल्या संप्रेरकांचा या सगळ्याशी संबंध काय?

या प्रश्नांच्या उत्तरांचा फार मोठा भाग एका माणसाच्या प्रयोगशाळेतून आला आहे. शिकागो विद्यापीठातील शस्त्रवैद्य आणि संशोधक चार्ल्स ब्रेंटन हगिन्स यांना १९६६ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक पेटन राऊस यांच्यासह विभागून मिळाले, ते प्रोस्टेटच्या कर्करोगावरील संप्रेरक उपचारासाठी. हगिन्स यांच्या संशोधनाची सुरुवात मात्र हाडापासून झाली होती आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते पुन्हा हाडाकडे वळले, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या लेखनात बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते. मला ती मध्यवर्ती वाटते. कर्करोग आणि हाडांची जुळणी हे त्यांचे दोन वेगळे विषय नव्हते. पेशीने काय व्हायचे आणि किती वाढायचे हे तिला कोण सांगते, हा एकच प्रश्न ते दोन्ही ठिकाणी विचारत होते.

आधी थोडी तोंडओळख

प्रोस्टेट ही पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असलेली लहान ग्रंथी असून वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत पोहोचणारा रासायनिक निरोप. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचे मुख्य संप्रेरक प्रामुख्याने वृषणांत तयार होते, आणि त्याच्या जातीची काही संप्रेरके मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतूनही येतात. विकर, म्हणजे एन्झाइम, हे शरीरातील एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन असते.

हाडाबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवे, कारण आपण त्याला निर्जीव आधार समजतो. हाड आयुष्यभर मोडले आणि बांधले जात असते. त्यात हाड घडवणाऱ्या पेशी असतात, हाड झिजवणाऱ्या पेशी असतात, आणि या दोघींच्या कामाचा तोल राहिला तरच हाड मजबूत राहते. त्वचा कापली तर व्रण उरतो, पण मोडलेले हाड नीट जुळले तर तिथे पुन्हा खरे हाडच तयार होते. आधी रक्ताची गुठळी, मग मऊ कूर्चा आणि त्या कूर्चेच्या जागी हाड अशा पायऱ्यांनी, गर्भात हाड जसे बनले जवळपास तसेच ते प्रौढ वयात पुन्हा बनते. म्हणजे हाड घडवण्याची आज्ञा शरीरात कुठेतरी जपून ठेवलेली असली पाहिजे. ती कुठे आहे, हा हगिन्स यांच्या तरुणपणचा प्रश्न होता.

मूत्राशयाच्या अस्तरातून उगवलेले हाड

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. कॅनडातल्याच अकेडिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी १९२४ मध्ये हार्वर्ड येथून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, मिशिगन विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले आणि १९२७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय विभागात दाखल झाले. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॅलस फेमिस्टर हे स्वतः हाडांचे नामांकित जाणकार होते. त्यांनी मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेची जबाबदारी या तरुणावर टाकली, तेव्हा हगिन्स यांना त्या शाखेचे खास शिक्षण नव्हते. ती शाखा त्यांनी तिथेच काम करता करता आत्मसात केली.

१९३१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही वाचताना थक्क करतो. कुत्र्याच्या मूत्राशयाचे आतले अस्तर पोटाच्या भिंतीतील स्नायूंच्या आवरणाशी सांधले की तिथे, जिथे हाडाचा संबंधच नाही अशा जागी, काही आठवड्यांत खरे हाड तयार होत असे. अस्तराच्या पेशी स्वतः हाड बनत नव्हत्या. त्या शेजारच्या पेशींना असे काही तरी कळवत होत्या की त्यामुळे शेजारच्या पेशी हाड घडवू लागत. पेशीचे भवितव्य तिच्या शेजाऱ्याच्या निरोपाने बदलू शकते, याचा हा डोळ्यांनी दिसणारा आणि हाताला कडक लागणारा पुरावा होता.

त्याच दशकात त्यांनी आणखी एका साध्या प्रयोगातून हाडाच्या आतल्या मगजाचा, म्हणजे अस्थिमज्जेचा, अभ्यास केला. रक्त तयार करणारी लाल मज्जा धडाच्या हाडांत असते, तर हातापायांच्या आणि शेपटीच्या टोकाच्या हाडांत पिवळी, चरबीयुक्त मज्जा असते. हे तापमानामुळे असेल का, हे पाहण्यासाठी उंदराच्या शेपटीचे टोक त्याच्याच पोटाच्या उबेत बसवण्यात आले, तेव्हा शेपटीच्या हाडांत लाल मज्जा दिसू लागली. निष्कर्ष तोच होता: पेशी तीच राहूनही भोवतालची परिस्थिती बदलली की तिचे काम बदलते.

याच काळात त्यांचा संबंध फॉस्फटेज नावाच्या विकरांशी आला. हाड घडवणाऱ्या पेशींत अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्या प्रमाणात असते, हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्येच दाखवले होते. नवे हाड कुठे तयार होत आहे हे ओळखण्यासाठी हगिन्स यांना हे विकर मोजणे भाग होते. रक्तातील विकर काळजीपूर्वक मोजण्याची ही सवय दहा वर्षांनी त्यांना एका वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडली.

कुत्र्याची प्रोस्टेट आणि माणसाचा आजार

मूत्रविकारांचे शस्त्रवैद्य म्हणून प्रोस्टेटचे रुग्ण त्यांच्याकडे येतच होते. प्रोस्टेट कसे काम करते हे समजण्यासाठी त्यांनी १९३९ च्या सुमारास कुत्र्यामध्ये अशी शस्त्रक्रिया विकसित केली की ग्रंथीचा स्राव लघवीत न मिसळता वेगळा गोळा करता येई आणि दिवसेंदिवस मोजता येई. वृषणे काढली की स्राव थांबे, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली की तो पुन्हा सुरू होई, आणि स्त्रियांचे संप्रेरक इस्ट्रोजेन दिले की पुन्हा आटे.

कुत्रा हा असा प्राणी आहे की म्हातारपणी त्याची प्रोस्टेट माणसासारखीच आपोआप वाढते आणि तिच्यात गाठीही होतात. अशा गाठी असलेले कुत्रे मध्येच निघाले की मोजमाप बिघडे, आणि आरंभी याचा त्रासच वाटे, असे हगिन्स यांनी पुढे आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितले. पण वृषणे काढल्यावर किंवा इस्ट्रोजेन दिल्यावर या गाठीही आकसतात असे दिसले, तेव्हा असे कुत्रे मुद्दाम शोधले जाऊ लागले.

इथे तेव्हाच्या एका ठाम समजुतीला धक्का बसत होता. कर्करोगाची पेशी एकदा बिघडली की ती स्वयंभू होते, शरीराच्या कोणत्याही नियमनाला जुमानत नाही, असे बहुतेकांना वाटत असे. अपवाद नव्हते असे नाही. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच अंडाशय काढून स्तनाचा पुढे गेलेला कर्करोग काही काळ मागे हटवल्याची नोंद केली होती. मात्र असे का घडते आणि ते मोजायचे कसे, हे कोणाला सांगता येत नव्हते.

रक्तातील दोन विकरे

१९४१ मध्ये हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांचा जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याचे बळ याच मोजमापात होते. प्रोस्टेटच्या पेशी ॲसिड फॉस्फटेज नावाचे विकर तयार करतात. प्रोस्टेटचा कर्करोग पसरला की हे विकर रक्तात वाढते, असे न्यूयॉर्कचे अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी १९३८ मध्ये दाखवले होते आणि त्याचे श्रेय त्यांनाच द्यायला हवे. दुसरीकडे, प्रोस्टेटच्या कर्करोगाची हाडातली वागणूक काहीशी चमत्कारिक असते. स्तनाचा कर्करोग हाडात गेला की बहुधा हाड पोखरतो, पण प्रोस्टेटचा कर्करोग तिथे हाड घडवणाऱ्या पेशींना चिथावतो, आणि त्या जादा, पण वेडेवाकडे व कमकुवत हाड रचत सुटतात. त्यामुळे रक्तात अल्कलाइन फॉस्फटेजही वाढते. म्हणजे एका विकरातून कर्करोगाची हालचाल कळते आणि दुसऱ्यातून हाडाची प्रतिक्रिया. ही दोन्ही मोजमापे एकत्र वाचू शकेल असा माणूस हाडाचा आणि प्रोस्टेटचाही अभ्यासक असणे आवश्यक होते.

हाडांत रोग पसरलेल्या रुग्णांची वृषणे काढल्यावर किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर रक्तातील ॲसिड फॉस्फटेज खाली आले, आणि टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे संप्रेरक टोचल्यावर ते वर गेले. वेदनेने अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण थोड्याच दिवसांत उठून बसू लागले. पसरलेल्या रोगाच्या पहिल्या २१ रुग्णांपैकी चारजण बारा वर्षांहून अधिक जगले. ब्रिटनमध्ये १९३८ साली तयार झालेले स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गोळीच्या रूपात देता येत असल्याने, शरीरभर पसरलेल्या कर्करोगावर तोंडावाटे घेतलेले औषध परिणाम करू शकते हेही यातून दिसले. आज प्रोस्टेटच्या रुग्णाला ठरावीक महिन्यांनी रक्तातील पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारे एक प्रथिन, मोजायला सांगतात, तेव्हा रक्तातील खुणेवरून उपचाराचा परिणाम पाहण्याची हीच पद्धत वापरली जाते. फक्त ॲसिड फॉस्फटेजची जागा पीएसए या अधिक नेमक्या खुणेने घेतली आहे.

मग हा आजार पूर्ण बरा का होत नाही?

ही शंका रास्त आहे, आणि हगिन्स यांनाही ती सतावत होती. संप्रेरक तोडल्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या बहुसंख्य पेशी मरतात किंवा सुस्त पडतात, पण सगळ्या नाही. महिने किंवा वर्षे गेल्यावर उरलेल्या पेशी अत्यल्प संप्रेरकावर निभावून न्यायला शिकतात. काही पेशी संप्रेरक पकडणाऱ्या ग्राहींची संख्या वाढवतात, काहींचे ग्राही बदलतात, तर काही पेशी आपल्यापुरते संप्रेरक स्वतःच तयार करू लागतात.

हे सर्व कळण्याच्या आधी, १९४५ मध्ये, हगिन्स यांनी वृषणांखेरीज उरलेला स्रोत बंद करण्यासाठी रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथीही काढून पाहिल्या. तेव्हा या ग्रंथींच्या अत्यावश्यक संप्रेरकांची उणीव भरून काढणारे कॉर्टिसोन उपलब्ध नसल्याने तो मार्ग फार धोक्याचा होता आणि प्रोस्टेटच्या रुग्णांत त्याचा फारसा लाभही झाला नाही. पण त्यामागची कल्पना चुकीची नव्हती. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अबिरॅटेरॉन हे औषध वृषण, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठ या तिन्ही ठिकाणची या संप्रेरकांची निर्मिती रोखते. जे काम सुरीने धड झाले नाही ते सहासात दशकांनी गोळीने साधले.

स्टिलबेस्ट्रॉलच्या बाबतीतही पुढे हिशेब बदलला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९६० च्या दशकात झालेल्या चाचण्यांत रोज ५ मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्या रुग्णांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले, आणि कर्करोगावर मिळालेला फायदा त्यात बुडाला. नोबेल मिळालेल्या उपचाराचीही अशी कसून तपासणी झाली, हे मला वैद्यकाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

उपचारच हाडे ठिसूळ करतो, त्याचे काय?

हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि घरच्या मंडळींना त्याची कल्पना सहसा दिलेली नसते. टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून शरीरात बनणारे थोडे इस्ट्रोजेन पुरुषांची हाडे टिकवतात. ती दोन्ही गेली की हाड झिजवणाऱ्या पेशींचे पारडे जड होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५०,००० हून अधिक अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासात, निदानानंतर किमान पाच वर्षे जगलेल्यांपैकी संप्रेरक उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचे हाड मोडले होते, तर तो उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण १२.६ टक्के होते. म्हणजे कर्करोगाच्या हाडातील गाठी आटोक्यात येत असताना निरोगी हाड मात्र हळूहळू विरळ होत जाते.

याचा अर्थ उपचार टाळावा असा मुळीच नाही. पसरलेल्या रोगात तो आयुष्य वाढवतो आणि वेदना कमी करतो. अर्थ एवढाच की उपचार सुरू करतानाच हाडांची घनता मोजून घ्यावी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे, झेपेल तितके चालणे आणि स्नायूंचे व्यायाम चालू ठेवावेत, आणि हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची गरज आहे का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. खुब्याचे हाड मोडल्यावर हे सुचणे फार उशिराचे असते.

पुन्हा हाडाकडे

मूत्राशयाच्या अस्तरातून हाड घडवणारा तो निरोप नेमका कोणता, याचे उत्तर १९३१ मध्ये मिळाले नव्हते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल यूरिस्ट यांनी हाड आम्लात बुडवून त्यातील खनिजे काढून टाकली आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, तर स्नायूत नवे हाड तयार झाले. कॅल्शियम काढून टाकलेल्या, मृत हाडातही आज्ञा शिल्लक होती. यूरिस्ट यांनी पुढे या अज्ञात घटकाला हाड घडवणारे प्रथिन, अर्थात बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, हे नाव दिले. पुढे आपण त्याला बीएमपी म्हणू.

दिल्ली विद्यापीठातून पीएचडी करून अमेरिकेला गेलेले ए. हरी रेड्डी याच सुमारास हगिन्स यांच्या प्रयोगशाळेत आले. हगिन्स तेव्हा साठी ओलांडलेले, नोबेल मिळालेले कर्करोगतज्ज्ञ होते, आणि तरीही त्यांनी या तरुण भारतीय संशोधकाबरोबर हाडाच्या पुडीवर पहिल्यापासून काम सुरू केले. १९७२ मध्ये या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही क्रिया दिवसवार लावली होती. खनिजे काढलेली हाडाची पूड उंदराच्या त्वचेखाली ठेवली की तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तिच्याभोवती साध्या जोडऊतींच्या पेशी जमून वाढू लागतात, पाचव्या ते आठव्या दिवसांत त्या कूर्चा बनतात, नवव्या दिवशी रक्तवाहिन्या आत शिरतात, दहाव्या-अकराव्या दिवशी हाड दिसू लागते आणि तीन आठवड्यांत त्या इवल्या हाडात मज्जाही तयार होते.

ही क्रिया समजायला घरातले विरजण उपयोगी पडेल. पातेलेभर दुधात चमचाभर विरजण लावले तर सकाळी मिळणारे दही त्या चमच्यातून आलेले नसते, ते दुधाचेच झालेले असते. हाडाच्या पुडीचेही तसेच आहे. नवे हाड पुडीचे बनत नाही, उंदराच्या स्वतःच्या पेशीच हाडाच्या पेशी होतात आणि पूड त्यांना फक्त तसे व्हायला लावते. हे साम्य अर्थात इथेच संपते, कारण विरजणातले जिवाणू वाढत राहतात, पण पुडीतले प्रथिन वाढत नाही. ते वापरले जाते आणि संपते, म्हणूनच नवे हाड बेसुमार पसरत नाही.

रेड्डी यांनी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत टी. कुबेर संपत यांच्यासह १९८१ मध्ये या कोड्याचा आणखी एक पदर उलगडला. पुडीतून विरघळणारी प्रथिने वेगळी काढली तर उरलेला कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा सांगाडा हाड घडवत नाही आणि नुसती प्रथिनेही घडवत नाहीत, पण दोन्ही पुन्हा एकत्र केले की हाड तयार होते. निरोपाला धरून ठेवणारी जागाही लागते, हे यातून दिसले. १९८८ मध्ये अमेरिकेतील एका जैवतंत्रज्ञान कंपनीतील जॉन वोझनी आणि सहकाऱ्यांनी बीएमपींची जनुके शोधून काढली, आणि ही प्रथिने कारखान्यात तयार करणे शक्य झाले.

असे प्रथिन असेल, तर प्रत्येक मोडलेल्या हाडावर ते का वापरत नाहीत?

पहिले कारण असे की बहुतेक हाडे योग्य आधार, स्थिरता आणि रक्तपुरवठा मिळाला की आपणहून जुळतात. प्लास्टर किंवा सळईचे काम हाड जोडण्याचे नसून, शरीर ते जोडत असताना त्याला हलू न देण्याचे असते. प्रश्न उरतो तो न जुळणाऱ्या हाडांचा, मोठी पोकळी पडलेल्या हाडांचा आणि मणके एकमेकांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा. अशा वेळी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवण्याची जुनी पद्धत आजही भरवशाची आहे, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. बीएमपींपैकी एक असलेल्या बीएमपी-२ ला अमेरिकेत २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांच्या जोडणीसाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी मान्यता मिळाली. शरीरात मुळात असते त्याच्या कितीतरी पट मात्रा शस्त्रक्रियेत वापरावी लागते आणि ती जागेवरून थोडी निसटली तरी नको तिथे हाड किंवा सूज येऊ शकते. मानेच्या शस्त्रक्रियेत ते वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज आल्याच्या घटनांनंतर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. आधीच्या, उत्पादकाच्या पैशातून झालेल्या अभ्यासांत गुंतागुंती कमी दाखवल्या गेल्याचा आरोप २०११ मध्ये झाला. त्यानंतर येल विद्यापीठाच्या पुढाकाराने रुग्णांची मूळ माहिती दोन स्वतंत्र गटांकडे सोपवण्यात आली. २०१३ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार रुग्णाच्या स्वतःच्या हाडाच्या तुकड्यापेक्षा या प्रथिनाचा ठळक फायदा दिसत नव्हता. पन्नास वर्षांच्या प्रामाणिक प्रयोगशाळेतील कामाला बाजारात येताना असा डाग लागावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण मूळ माहिती खुली झाली म्हणूनच सत्य कळले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

हाड वाढवणारा निरोप कर्करोगही वाढवेल का?

हगिन्स यांचे दोन्ही विषय या प्रश्नापाशी येऊन मिळतात. बीएमपी पेशीला वाढायला आणि बदलायला सांगतात, तर कर्करोग हा याच दोन क्रियांचा बिघाड आहे, त्यामुळे शंका अगदी स्वाभाविक आहे. २०१३ च्या त्या विश्लेषणांत बीएमपी-२ मिळालेल्यांमध्ये कर्करोगाची नोंद किंचित अधिक होण्याची शक्यता दिसली, मात्र एकूण प्रमाण कमी आणि अनिश्चितता बरीच होती. म्हणून कर्करोग असलेल्या जागी किंवा त्याचा उपचार चालू असताना ते वापरू नये, असा नियम आहे.

निरोप चुकीच्या जागी गेला तर काय होते याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण मात्र कर्करोगाचे नाही. एका अतिदुर्मीळ जन्मजात रोगात मुलांचे स्नायू आणि अस्थिबंध हळूहळू हाडात बदलत जातात आणि शरीर जागच्या जागी जखडते. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे कारण शोधले, ते बीएमपीच्या एका ग्राहीच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलात. हाड जुळवणारी आणि शरीर जखडणारी यंत्रणा एकच निघाली. प्रोस्टेटच्या कर्करोगाला हाडाचा लळा का, याच्या उत्तराचा एक भागही इथेच आहे. हाडाच्या सांगाड्यात वाढीला चालना देणारी प्रथिने साठवलेली असतात, हाड झिजताना ती मोकळी होतात, आणि तिथे पोहोचलेल्या कर्करोगाच्या पेशीला ती आयती मिळतात.

यात नशिबाचाच भाग मोठा नव्हता का?

कुत्र्याच्या पोटात अनपेक्षित ठिकाणी हाड दिसणे किंवा प्रयोग बिघडवणारी गाठच प्रयोगाचा विषय होणे यांत योगायोग होताच. परंतु त्याच गाठी इतरांनीही पाहिल्या होत्या. फॉस्फटेज मोजण्याची पद्धत सर्वांना उपलब्ध होती. हगिन्स यांच्याकडे जास्तीचे होते ते एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या ऊतींतून भिडण्याचे स्वातंत्र्य, आणि ते स्वातंत्र्य त्यांना संस्थेने दिले होते. तिशीतल्या शस्त्रवैद्याला कुत्र्याच्या मूत्राशयाच्या अस्तरातून हाड का उगवते हे पाहू देणारा विभाग नसता, तर प्रोस्टेटचे काम कदाचित घडले नसते. १९५१ मध्ये अलाबामातील लाकडाचे व्यापारी बेन मे यांच्या देणगीतून शिकागो विद्यापीठात त्यांच्यासाठी कर्करोग संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. १९६९ पर्यंत हगिन्स तिचे संचालक होते, आणि संचालकपद सोडल्यावरही त्यांनी प्रयोग चालू ठेवले. रेड्डी यांच्यासोबतचे हाडावरील महत्त्वाचे काम तर त्यानंतरचे आहे. नोबेल मिळाले तेही १९४१ च्या निबंधानंतर २५ वर्षांनी. दोन वर्षांत निकाल मागणाऱ्या अनुदानाच्या चौकटीत असे काम बसवणे अवघड आहे, आणि आपल्याकडील संशोधनसंस्थांनी याचा विचार करायला हवा असे मला ठामपणे वाटते. हगिन्स यांचे निधन १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागोत, वयाच्या ९५ व्या वर्षी झाले.

आपल्या रुग्णांसाठी याचा अर्थ

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेही १९४१ मध्येच. त्या वर्षी शिकागोत सिद्ध झालेली वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया भारतात आजही केली जाते, कारण ती एकदाच करावी लागते, तिचा परिणाम लगेच होतो आणि आयुष्यभर इंजेक्शनांवर होणारा खर्च वाचतो. तिचे मानसिक ओझे मोठे असते, म्हणून इंजेक्शनाचा पर्यायही रुग्णाला समजावून सांगितलाच पाहिजे. दोन्ही उपायांनी टेस्टोस्टेरॉन सारखेच खाली येते. त्यामुळे शस्त्रक्रिया निवडणाऱ्या गरीब रुग्णाला दुय्यम उपचार मिळाला असे समजण्याचे कारण नाही.

खर्चाचा प्रश्न अबिरॅटेरॉनसारख्या नव्या गोळ्यांपाशी पुन्हा उभा राहतो. ही गोळी उपाशीपोटी रोज १००० मिलिग्रॅम घ्यायची, असा मूळ नियम आहे, कारण अन्नासोबत ती कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात शोषली जाते. २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठातील कर्करोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत हाच दोष उपयोगात आणला गेला: हलक्या न्याहारीसोबत २५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्येही पीएसए उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांइतकेच उतरले. ही चाचणी लहान होती आणि ती आयुर्मान मोजण्यासाठी आखलेली नव्हती, त्यामुळे मात्रा स्वतःच्या मनाने कमी करणे धोक्याचे आहे. पण पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून उपचारच सोडण्याची वेळ आलेल्या रुग्णांसाठी भारतातील अनेक कर्करोगतज्ज्ञ आता हा मार्ग वापरतात, आणि त्यात गोळ्यांचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो.